क्लीनर कुठे गेला?

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये गर्दी असते, ही तक्रार करण्यात अर्थ नाही. मुंबईचा कांदा, बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य जिथे उतरतं, तिथे गर्दी नसेल तर कुठे असेल? माझी तक्रार वेगळी आहे. या रस्त्यांवर मी तीस वर्षांहून जास्त काळ चालतोय. दाणा मार्केटमधल्या एका गाळ्यावर हिशेब लिहितो. बाजारात अशा माणसाला मेहताजी म्हणतात, त्यामुळे नाव-आडनाव काहीही असलं तरी इथे मी मेहताजीच. तर या तीस वर्षांत गर्दी वाढली ते समजू शकतो, पण गेल्या दहा-बारा वर्षांत गाडी चालवण्याची रीतच बिघडली आहे, आणि ती का बिघडली याबद्दल जे बोललं जातं ते मला पटत नाही.

काय बिघडलंय ते इथे रोज येणाऱ्याला सांगायला नको. माथाडी भवनाकडून अन्नपूर्णा चौकाकडे चालत जाऊन बघा. रस्ता एका दिशेचा आहे असं समजून तुम्ही उजवीकडे बघता आणि गाडी डावीकडून अंगावर येते. समोरचा यू-टर्न लांब पडतो म्हणून रिक्षा, बाइक आणि आता चक्क भरलेला पिकअपसुद्धा रॉंग साइडने घालतात, आणि वर आपल्यालाच हॉर्न मारतात. इंडिकेटर हा गाडीचा दागिना झाला आहे. पहाटे अंधारात प्रत्येकाचा दिवा हायबीमवर. डिपर देणं ही एकेकाळी दोन ड्रायव्हरांमधली भाषा होती, 'तू ये, मी थांबतो' असं त्यातून सांगता यायचं. आता डिपरचा एकच अर्थ उरलाय, 'मी थांबणार नाही.' पामबीच रोडच्या या टोकाला गाड्या सजवून देणाऱ्या दुकानांची रांग आहे. तिथे डोळे दिपवणारे दिवे आणि कानठळ्या बसवणारे हॉर्न खुलेआम बसवून मिळतात, आणि गाड्या अर्ध्या रस्त्यात उभ्या करूनच ते काम चालतं. ब्रेक तपासून द्या म्हणणारं गिऱ्हाईक तिथे मी तरी पाहिलेलं नाही.

आणि सगळ्यात भयंकर प्रकार म्हणजे गाडी मागे घेणं. गाळ्याला गाडी लावायची म्हणजे मागेच घ्यावी लागते, मार्केटची रचनाच तशी आहे. मागे हातगाड्या, पाट्या घेतलेले माथाडी, चहावाले, पोती मोजणारे आमच्यासारखे. टेम्पोवाला आरशात एकदा बघतो, रिव्हर्सचं ते गाणं वाजायला लागतं आणि गाडी मागे येते. लोकांनी बाजूला व्हायचं.

यावर मार्केटमध्ये जी उत्तरं मिळतात ती ठरलेली आहेत. हल्लीची पोरं माजलेली आहेत. बाहेरून आलेले लोक आहेत. पोलीस पैसे खातात. मोबाइलमुळे सगळं बिघडलं. आणि थोडा आवाज खाली करून, समोर मी आहे हे लक्षात आल्यावर अर्धवट सोडलेलं एक वाक्य, 'त्यांच्यातली पोरं तर...' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पूर्ण करून देतो. चौकात उभा राहून मी रॉंग साइडने आलेल्या गाड्या मोजल्या आहेत. काचेवर ७८६ असलेल्या, लिंबू-मिरची असलेल्या, महाराजांचं चित्र असलेल्या आणि क्रॉस लटकवलेल्या. या एका बाबतीत सर्वधर्मसमभाव पूर्ण आहे.

पोरं माजलीत हेही खरं कारण वाटत नाही. विशीतली पोरं आमच्या वेळीही माजलेलीच होती. फरक इतकाच होता की विशीतल्या पोराच्या हातात कुणी स्टिअरिंग देत नव्हतं.

माझे अब्बा ट्रक चालवायचे. लोणंदचा कांदा मुंबईला आणायचे. आधी मुंबईतल्या जुन्या बाजारात, आणि १९८१ मध्ये कांदा-बटाटा मार्केट खाडी ओलांडून इकडे आलं तेव्हापासून वाशीला. (मसाला आणि धान्य नंतर आलं, भाजी आणि फळं तर १९९६ मध्ये.) अब्बा चौथी शिकलेले. स्टिअरिंगवर बसण्याआधी सहा वर्षं ते क्लीनर होते, एका उस्तादाच्या हाताखाली. तो शब्द आता ऐकू येत नाही. क्लीनर ड्रायव्हरला उस्ताद म्हणायचा, आणि ते नुसतं आदरानं हाक मारणं नव्हतं. सुताराचा, गवंड्याचा, तबलजीचा असतो तसा तो खरोखर उस्ताद असायचा.

पहिली दोन वर्षं अब्बांनी फक्त गाडी धुतली, चाकं ठोकून हवा बघितली, ताडपत्री बांधली आणि घाटात गाडी थांबली की चाकामागे लाकडाचा ठोकळा लावला. दोर बांधताना माल डावीकडे जास्त भरला तर गाडी वळणावर कशी ओढते, हे त्यांना ताडपत्री बांधतानाच कळलं. नंतर डावीकडचं बघायचं काम. ड्रायव्हरला डावी बाजू दिसत नाही, तिथे क्लीनरचे डोळे. गाडी मागे घेताना क्लीनर खाली उतरून मागच्या कोपऱ्यावर, पण ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा बेतानं उभा राहणार. हौद्याच्या पत्र्यावर थापा मारत राहणार. थाप चालू आहे तोवर गाडी येऊ दे. एक जोरात थाप, की जागच्या जागी ब्रेक. त्या एका थापेवर उस्तादानं का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं. ट्रकमधल्या सगळ्यात लहान माणसाच्या हातात गाडी थांबवण्याचा अधिकार होता, आणि तो कुणी मोडत नसे.

मग पहाटे रिकाम्या रस्त्यावर, उस्तादाचा मूड असेल तर, दहा मिनिटं स्टिअरिंग. घाट मात्र पाचव्या वर्षापर्यंत नाही. खंडाळ्याचा जुना घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्या माणसाला अब्बा हरामखोर म्हणायचे, आणि एरवी त्यांच्या तोंडात शिवी नसायची. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे, कारण तिला थांबून पुन्हा उचलणं अवघड जातं. हा नियम वाहतुकीच्या कायद्यातही लिहिलेला आहे, पण अब्बांनी कायदा वाचला नव्हता, उस्तादाची चापट खाल्ली होती. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी हळू व्हायची. उस्ताद नाणं टाकायचा, अब्बा मनातल्या मनात दुआ म्हणायचे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ. ज्यानं रस्ता दाखवला त्याच्यापाशी चाल मंद करावी यात कुणाचा धर्म बुडत नाही असं अब्बांचं मत होतं.

मी त्या काळाचे गोडवे गात नाही. क्लीनर म्हणजे बहुतेक वेळा बारा-चौदा वर्षांचं पोर, घरापासून तोडलेलं. मार खायचं, गाडीखाली झोपायचं, पगार म्हणजे जेवण आणि ईदला कपडे. अब्बांच्या डाव्या हातावर सायलेन्सरचा डाग शेवटपर्यंत होता. दारू पिऊन चालवणारे उस्तादही होते. लहान मुलांना कामाला लावणं थांबलं हे चांगलंच झालं. पण पोराला कामावरून काढताना आपण ते कामही काढून टाकलं. गाडीच्या मागे उभं राहणारा प्रौढ, पगारी माणूस नेमायचा राहून गेला, आणि गाडी चालवणं ही हळूहळू हातात उतरणारी कला आहे हेही त्याच्याबरोबर गेलं.

गेलं कसं तेही बघण्यासारखं आहे. २००५ च्या सुमाराला छोटा हत्ती आला. त्याआधी माल नेणं म्हणजे ट्रक किंवा मोठा टेम्पो. छोट्या हत्तीनं अनेक घरांत चूल पेटवली, आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी पोरांना कर्जावर का होईना पण स्वतःची गाडी मिळाली, हे मी विसरत नाही. सच्चर समितीनं २००६ मध्ये लिहिलं होतं की मुसलमान कामगार व्यापार, गाड्यांची दुरुस्ती आणि रस्त्यावरची वाहतूक या धंद्यांत त्यांच्या संख्येच्या मानानं जास्त आहेत. ते वाचायला अहवाल लागत नव्हता, आमची गल्ली पुरेशी होती. पण छोट्या हत्तीत दोघंच बसतात. दुसरी सीट मालवाल्याची. क्लीनरला जागाच नाही आणि त्याचा पगार हप्त्यात बसत नाही. हळूहळू हीच सवय वर सरकत आयशरपर्यंत आणि मोठ्या ट्रकपर्यंत गेली. २०२५ मध्येही जड मालगाडीवर क्लीनर नसेल तर दंड होत होता. २०२५ च्या जुलैमध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी संप केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत क्लीनरची सक्ती काढून टाका ही मागणीही होती. त्यांचं म्हणणं असं की माणसं मिळत नाहीत, आणि नव्या गाड्यांत कॅमेरे, सेन्सर सगळं असतं. माणसं मिळत नाहीत हे खरं आहे, त्या पगारात कोण येईल? कॅमेऱ्याबद्दल एवढंच म्हणतो की कॅमेरा दाखवतो, पण जोरात थाप मारत नाही. आणि मार्केटमध्ये येणाऱ्या निम्म्या गाड्यांच्या कॅमेऱ्यावर कोथिंबिरीचा चिखल असतो.

तिकडे परवाना सोपा होत गेला. शिकाऊ परवान्याची परीक्षा २०२१ पासून घरबसल्या देता येते. घरी परीक्षेला कोण बसलं होतं ते त्या घरालाच ठाऊक. पुढे मोटार ट्रेनिंग स्कूलची पंधरा दिवसांची शिकवणी, त्यात निम्मा वेळ इन्स्ट्रक्टरच्या पायाखाली दुसरा ब्रेक. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. हा वाद मुळात विम्याचा होता. विमा कंपन्या परवान्याचं कारण काढून भरपाई नाकारत होत्या, ते थांबलं हे बरं झालं. अशा परवान्यांमुळे अपघात वाढले असा पुरावा आपल्यापुढे आला नाही असंही न्यायालयानं म्हटलं आहे. निकालाशी माझं भांडण नाही. पण त्याचा मार्केटमधला अर्थ असा, की जो अल्टोवर शिकला तो उद्या सकाळी बटाट्यानं भरलेला टेम्पो घेऊन गाळ्यावर मागे येऊ शकतो. त्याच्या हाताखालून ते वजन कधी गेलंय का हे विचारणारा उस्ताद मधे कुणीच नाही. जाता जाता हेही सांगतो, की मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी आठवी पासची अट होती ती २०१९ मध्ये काढली, त्याला माझा पाठिंबा होता. अब्बा चौथीच शिकले होते.

हे सगळं मी ज्यामुळे लिहायला बसलो ते आता सांगतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात, पहाटे साडेचारच्या सुमाराला, मार्केटच्या एका आतल्या रस्त्यावर मागे येणाऱ्या टेम्पोनं एका हातगाडीवाल्या माथाडीला गाळ्याच्या ओट्यावर दाबलं. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. पाटण तालुक्यातले, माझ्याच वयाचे. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले. टेम्पोवर असलेलं पोरगं बावीस वर्षांचं, आमच्याच ओळखीच्या घरातलं. पळून गेलं नाही, हे त्याचं. आप्पांना उचलायलाही तोच पुढे होता. त्यानं मला नंतर सांगितलं, 'चाचा, आरशात कोणी नव्हतं. खरंच नव्हतं.' मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. आप्पा आरशात दिसणारच नव्हते. ती जागा आरशाची नसते, क्लीनरची असते.

त्या रात्री ते पोरगं तिसरी फेरी करत होतं. त्याला पगार नाही, फेरीचे पैसे. गाडी दुसऱ्याची. उशीर झाला तर भाजीचा भाव पडतो, भाव पडला तर मालवाला भाड्यात कापतो, चलान आलं तर मालक त्याच्या फेरीतून वळतं करतो. दंडाचा कॅमेरा गाडीचा नंबर बघतो, स्टिअरिंगवरचा माणूस सोळा तास जागा आहे हे त्याला दिसत नाही. मग पोरगं एक फेरी वाढवतं. रॉंग साइडनं वाचलेली तीन मिनिटं त्याच्यासाठी तीन मिनिटं नसतात, रात्रीची शेवटची फेरी मिळेल की नाही याचा तो हिशेब असतो.

इथे मला एक गोष्ट नेहमी खटकते. याच मार्केटमध्ये, त्याच गाडीतून पोतं उतरवणाऱ्या माणसासाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी माणसं उभी केली, म्हणून बोर्ड आलं, मजुरीचा दर ठरला, प्रॉव्हिडंट फंड आला, औषधपाणी आलं. आज त्या बोर्डांची अवस्था काय हा वेगळा विषय, पण कायदा आहे, संघटना आहे, माथाडी भवन उभं आहे. गाडी चालवणाऱ्यासाठी त्याच्याही आधीचा, १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, विश्रांती, सुटी असं सगळं त्यात होतं. फक्त तो लागू व्हायचा ते पाच किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या धंद्याला. एक-दोन टेम्पोंचा मालक त्यात येतच नव्हता, आणि मार्केट चालतंय ते अशाच मालकांवर. म्हणजे पोत्याखालच्या माणसाची मोजदाद आहे आणि पोतं आणणाऱ्याची नाही. आप्पांच्या घरी निदान बोर्डाचे काहीतरी पैसे पोचले. त्या पोराच्या हाती जामिनाचं कर्ज राहिलं.

शिक्षा वाढवा असं लगेच कुणीतरी म्हणतं. जुन्या ३०४-अ मध्ये दोन वर्षं होती, नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच झाली. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची जी तरतूद होती, तिच्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चक्का जाम केला, पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारनं ते पोटकलम बाजूला ठेवलं. दहा काय वीस वर्षं करा. बावीस वर्षांच्या पोराला ज्या कोपऱ्यातलं दिसत नाही, तिथलं कलम वाढवून दिसायला लागत नाही.

आता आपल्या लोकांशी थोडं बोलतो.

आप्पा गेल्यावर मी त्या पोराच्या घरी गेलो. आई रडत होती, शेजारणी बसल्या होत्या, आणि प्रत्येक जण एकच बोलत होता, 'त्याची वेळ आली होती. अल्लाहची मर्जी. पोराचा काय कसूर?' आई असं बोलेल, ते मी समजू शकतो. पण हेच मी मशिदीबाहेर शिकल्या-सवरलेल्या माणसांकडूनही ऐकलं, तेव्हा राहवलं नाही. तकदीर हा शब्द आपण मेलेल्याच्या घरच्यांना धीर द्यायला वापरायचा असतो. मारणाऱ्याची सुटका करायला तो नाही. सूरह निसाची ब्याण्णवावी आयत काढून बघा. तिथे चुकून झालेल्या हत्येबद्दलच बोललं आहे, मुद्दाम केलेल्या नव्हे. चुकून झालं तरी मृताच्या घरच्यांचा मोबदला देणं आहे, गुलाम मुक्त करणं आहे, आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे आहेत. सलग. मेलेला माणूस आपल्यातला नसेल, पण ज्यांच्याशी आपला करार आहे अशा लोकांतला असेल, तरी तेच. आता एकाच देशात एकाच संविधानाखाली राहणं याच्याइतका मोठा करार दुसरा कोणता, हे मला कुणी सांगावं. साठ दिवस सलग भुकेलं राहून ज्याची आठवण ठेवायची, त्याला आपण 'वेळ आली होती' म्हणून एका वाक्यात उरकतो. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या सहाबांना पैगंबरांनी (स.) रस्त्याचा हक्क अदा करायला सांगितला होता, आणि कुणाला त्रास न देणं हा त्या हक्काचा भाग होता. ही हदीस आपल्याकडे जुम्म्याच्या बयानात येते. आणि बयान संपवून आपण बाहेर येतो तेव्हा मशिदीपुढे बाइक तीन-तीन रांगांत लागलेल्या असतात आणि अॅम्ब्युलन्सला वाट नसते.

शब-ए-बरातच्या रात्रीचं तर बोलायलाच नको. दरवर्षी मुंबई-नवी मुंबईत पोलीस नाकाबंदी लावतात, मौलाना आवाहन करतात की पोरांच्या हातात बाइक देऊ नका. माफीची रात्र, आणि आपली पोरं एका बाइकवर तिघं बसून, हेल्मेट नाही, सायलेन्सर काढलेला, अशी रस्ताभर फिरतात. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं तेव्हा आपण म्हणतो, आमच्याच पोरांचं का छापता. इतर सणांच्या मिरवणुकांतली पोरंही तशीच सुटलेली असतात आणि त्यांचं तितकं छापून येत नाही, ही तक्रार खोटी नाही. पण कब्रस्तानात खड्डा आपल्या पोरासाठी खणला जातो तेव्हा ती तक्रार कुणाच्या उपयोगाची?

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला श्रीमंताच्या अल्पवयीन मुलानं पोर्शेखाली दोन तरुण जीव घेतले आणि त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, तेव्हा आपले सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप पेटले होते. पेटायलाच हवे होते. त्याच ग्रुपमधल्या दोन गृहस्थांची नववीतली मुलं रोज अॅक्टिवावर क्लासला जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडीनं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. एकाला मी हे सांगितलं तर म्हणाला, 'मेहताजी, पोरगा एकदम सफाईनं चालवतो.' सफाईनं. अब्बांच्या उस्तादानं सहा वर्षांनीसुद्धा अब्बांना हा शब्द दिला नव्हता.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली असा केंद्र सरकारचाच आकडा आहे. त्यात ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे तिघांतले जवळजवळ दोघं बिनछपराचे. आमच्यासारखे, आप्पांसारखे, आणि आपल्या त्या 'सफाईनं' चालवणाऱ्या पोरांसारखे.

करायचं काय, याबद्दल माझ्याकडे मोठी योजना नाही. एक-दोन साध्या गोष्टी आहेत. मार्केटच्या आत, गाळ्यांच्या ओळीत, मागे माणूस उभा असल्याशिवाय कोणतीही गाडी मागे घ्यायची नाही, असा नियम बाजार समितीनं करावा आणि प्रत्येक ओळीला रात्रपाळीत एक माणूस नेमावा. शिट्टी, बॅटरी आणि चमकणारं जॅकेट, एवढाच त्याचा खर्च आणि पगार. हमालीचे, तोलाईचे पैसे ठरतात, तसे याचेही गाडीमागे ठरतील. वय झालेले ड्रायव्हर, ज्यांची नजर आता हायवेवर चालत नाही पण गाडी कशी येते ते ज्यांना कळतं, ते या कामाला उत्तम. दुसरं आपल्या जमातींसाठी. आपण इंजिनिअरिंगच्या पोरांना शिष्यवृत्त्या देतो, चांगलं करतो. ज्या पोरांनी स्टिअरिंगच धरायचं ठरवलंय त्यांना भोसरीच्या सीआयआरटीसारख्या ठिकाणी नीट शिकायला पाठवण्याचे पैसे कुणी देतं का? जकातीतून चालेल की नाही हे आलिमांनी सांगावं, लिल्लाहमधून तर चालेलच. गल्लीत जुने उस्ताद अजून आहेत, चहाच्या टपरीवर बसलेले असतात. त्यांच्याबरोबर एका पोरानं तीन महिने बसावं आणि त्या तीन महिन्यांचा त्या पोराचा घरखर्च जमातीनं द्यावा, एवढं तर होऊ शकतं.

पहिल्या मागणीचा अर्ज मी लिहिला आहे. आमच्या ओळीतल्या माथाड्यांनी सह्या केल्या, टेम्पोवाल्यांनीही केल्या, त्यांनी तर आधी केल्या. गाळेवाल्यांच्या सह्या व्हायच्या आहेत. त्यांचं म्हणणं, माणसाचे पैसे शेवटी आमच्यावरच पडणार. मी त्यांचेच हिशेब लिहितो, त्यामुळे ते किती पडतील हेही मी आकडा काढून दाखवलं. विचार करू म्हणाले आहेत.

आणि ते पोरगं जामिनावर सुटल्यावर महिन्याभरात पुन्हा मार्केटमध्ये दिसलं. दुसऱ्याच मालकाचा टेम्पो, पण ओळ तीच. एकटंच होतं. गाळ्यापुढे येऊन थांबलं, आरशात बघितलं, आणि खाली उतरून स्वतःच मागे जाऊन बघून आलं. मग पुन्हा चढलं. तेवढ्यात मागे दोन हातगाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी पेन ठेवला आणि जाऊन मागच्या कोपऱ्यावर उभा राहिलो.